अनोळखी ऑप्शन गिळणारं बिल्ड: पॅकेजिंगमधल्या कडक तपासणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या कंपनीतल्या प्लॅटफॉर्म टीमचं आहे. मी त्या टीममध्ये होतो. कंपनी किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

आम्ही चौघं होतो. सर्व्हरवर चालणारं बरंचसं सॉफ्टवेअर आम्ही सोर्सपासून स्वतः बिल्ड करायचो आणि त्याची पॅकेजं आमच्याच रिपॉझिटरीत ठेवायचो. सगळी मिळून दीडशेच्या आसपास पॅकेजं होती. प्रत्येक पॅकेजची एक छोटी बिल्ड स्क्रिप्ट असायची. सोर्स कुठून घ्यायचा आणि कॉन्फिगरला (कंपाइल करण्याआधी काय घ्यायचं, काय वगळायचं ते ठरवणारी स्क्रिप्ट) कोणते ऑप्शन द्यायचे, एवढंच तिच्यात लिहिलेलं असे. बाकीचं काम एक सामाईक हेल्पर करायचा: सोर्स उलगडणं, कॉन्फिगर चालवणं, कंपाइल करणं, फायली गोळा करून पॅकेज बांधणं.

हा हेल्पर कॉन्फिगरला स्वतःचेही काही ऑप्शन जोडायचा. इन्स्टॉलचे मार्ग तर होतेच, शिवाय --डिसेबल-डिपेन्डन्सी-ट्रॅकिंग, --डिसेबल-सायलेंट-रूल्स, --डिसेबल-मेंटेनर-मोड असे सगळ्यांना सरसकट लावलेले. डेबियन या लिनक्स-वितरणाचा पॅकेज बांधणारा डेबहेल्परही साधारण असंच करतो. ज्या पॅकेजला यातला एखादा ऑप्शन माहीत नसेल ते तो सोडून देतं, म्हणून हे चालून जातं.

ते का सोडून देतं, हे कळल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की कॉन्फिगर स्क्रिप्टनं --विथ- किंवा --एनेबल- नं सुरू होणारा कोणताही ऑप्शन स्वीकारावा, मग त्या पॅकेजला त्याचा उपयोग असो वा नसो. अनेक पॅकेजांचं अख्खं झाड एकाच ऑप्शन-यादीनं एका दमात कॉन्फिगर करता यावं, हा त्यामागचा हेतू. हेतू रास्त आहे. त्यामुळे ऑटोकॉन्फ या ग्नूच्या साधनानं बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट अनोळखी ऑप्शन दिसला की फक्त एक वॉर्निंग छापते आणि कामाला लागते. ती थांबायला हवी असेल तर --एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल द्यावं लागतं. वॉर्निंगही नको असेल तर --डिसेबल-ऑप्शन-चेकिंग.

हे शेवटचं आमच्या हेल्परमध्ये होतं.

अडचण

२८ नोव्हेंबर २०१९ ला पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचं ७.४ आलं. काही महिन्यांनी आम्ही ७.३ वरून त्यावर गेलो. चित्रं हाताळणारं जीडी एक्स्टेन्शन आमच्याकडे वेगळं पॅकेज होतं, पीएचपीआइझ या एक्स्टेन्शन बांधायच्या साधनानं बिल्ड होणारं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये वर्षानुवर्षं --विथ-जेपेग-डिर होतं. फ्रीटाइप या फॉन्ट-लायब्ररीचा ऑप्शन मात्र तिथे नव्हता. फ्रीटाइप आम्ही स्वतः बिल्ड करायचो आणि त्याचा मार्ग इतरही पॅकेजांना लागायचा, म्हणून --विथ-फ्रीटाइप-डिर लायब्ररींच्या मार्गांच्या सामाईक फायलीत होता. ही बारीक गोष्ट पुढे महागात पडली.

७.४ मध्ये जीडीचे ऑप्शन बदलले. लायब्ररी कुठे आहे ते आता पीकेजी-कॉन्फिग हे साधन सांगणार होतं, त्यामुळे शेवटी ‘डिर’ असलेली नावं गेली आणि --विथ-जेपेग, --विथ-फ्रीटाइप, --विथ-वेबपी अशी नुसती नावं आली. जुना ऑप्शन ‘कुठे आहे?’ याचं उत्तर देत होता, नवा ‘हवं आहे का?’ याचं. हा सगळा बदल पीएचपीच्या अपग्रेडिंग फायलीत नीट नोंदवलेला होता. ती फाइल आम्ही वाचली, पण भाषेतले बदल शोधत वाचली. बिल्डच्या ऑप्शनचा भाग आमच्या नजरेतून सुटला.

बिल्ड हिरवं आलं. पॅकेज तयार झालं. आमच्याकडे एक जुजबी चाचणी होती: जीडी लोड होतं का, आणि एक छोटं चित्र उघडून लहान करता येतं का. तीही पास झाली. ते चाचणीचं चित्र पीएनजी होतं. ७.४ च्या जीडीला पीएनजीची लायब्ररी असावीच लागते, त्यामुळे पीएनजी कोणताही ऑप्शन न देता चालतं. जेपेग मागितल्याशिवाय मिळत नाही. आम्ही ते अशा नावानं मागत होतो जे आता कोणाच्याच ओळखीचं नव्हतं.

पॅकेज प्रॉडक्शनवर गेलं. दोन दिवसांनी सपोर्ट टीमकडून निरोप आला की लोकांनी नव्यानं टाकलेल्या फोटोंच्या जागी राखाडी चौकोन दिसतो आहे. सगळ्यांना नाही, काहींना. पीएनजी टाकणाऱ्यांचं व्यवस्थित चाललं होतं, मोबाइलवरून जेपेग टाकणाऱ्यांचं नाही. दोन दिवस कोणालाच कळलं नाही, कारण ॲप्लिकेशनमध्ये लघुचित्र बनवणारा भाग कोणतीही एरर झेलून डिफॉल्ट चित्र दाखवत होता आणि लॉगमध्ये एक ओळ टाकून पुढे जात होता. ती ओळ अशी: इमेजक्रिएटफ्रॉमजेपेग नावाचं फंक्शनच अस्तित्वात नाही.

पहिला निर्णय, आणि त्यातली घाई

मागे जायचं की पुढे दुरुस्त करायचं, हा पहिला प्रश्न. जुनं जीडी पॅकेज परत लावणं शक्य नव्हतं. पीएचपीचं एक्स्टेन्शन ठरावीक एपीआय क्रमांकासाठी बांधलेलं असतं, ७.४ साठी तो २०१९०९०२. ७.३ चं जीडी ७.४ मध्ये लोडच होत नाही. म्हणजे अख्खं पीएचपी मागे न्यायचं, किंवा जीडी नव्यानं बांधायचं. आम्ही नव्यानं बांधलं. --विथ-जेपेग-डिर काढून --विथ-जेपेग लिहिलं, एक जेपेग उघडून पाहिलं, पॅकेज पाठवलं. तासाभराचं काम. राखाडी चौकोन गेले आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्रं छापणारं काम पडलं. ते चित्रावर नाव लिहायला इमेजटीटीएफटेक्स्ट वापरतं, त्याला फ्रीटाइप लागतं, आणि फ्रीटाइपही त्याच कारणानं गेलेलं होतं. ते काम आठवड्यातून एकदाच चालायचं म्हणून पहिल्या दुरुस्तीच्या वेळी त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. फ्रीटाइपची ओळ सामाईक फायलीत असल्यामुळे जीडीची स्क्रिप्ट उघडून बसलेल्या माणसाला ती दिसलीही नाही.

ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त गंभीर वाटते. पहिल्या वेळी आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी ‘एका ऑप्शनचं नाव बदललं’ हे हातात असूनही ‘आणखी कोणाकोणाचं बदललं?’ हे कोणी विचारलं नाही. जीडी_इन्फो हे फंक्शन चालवलं असतं तर जेपेग, फ्रीटाइप, वेबपी यांच्यासमोर हो की नाही ते एका नजरेत दिसलं असतं.

मूळ कारण

बिल्डच्या लॉगमध्ये वॉर्निंग शोधली, ती नव्हती. ही गोष्ट टीममधल्या सर्वांत नव्या सहकारीला खटकली. तिनं तोच सोर्स हेल्पर न वापरता हातानं कॉन्फिगर केला, आणि स्क्रीनवर लख्ख ओळ आली:

कॉन्फिगर: वॉर्निंग: अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स: --विथ-जेपेग-डिर, --विथ-फ्रीटाइप-डिर

ऑटोकॉन्फ ही ओळ दोनदा छापतं. एकदा ऑप्शन वाचताना आणि एकदा अगदी शेवटी, म्हणजे मधल्या शेकडो ‘चेकिंग’च्या ओळींखाली ती हरवू नये. एवढी काळजी घेणाऱ्या साधनाचं तोंड आम्ही दाबून ठेवलं होतं. हेल्परचा इतिहास काढला तेव्हा --डिसेबल-ऑप्शन-चेकिंगची कमिट (नोंदवलेला बदल) माझी निघाली. संदेश होता: ‘लॉगमधला गोंगाट कमी केला’.

तो गोंगाट खोटा नव्हता. डिपेन्डन्सी ट्रॅकिंग आणि सायलेंट रूल्स हे ऑप्शन ऑटोमेक या मेकफायली बनवणाऱ्या साधनाबरोबर येतात, मेंटेनर मोड तर ज्या पॅकेजनं तो मागितला आहे त्याच्यातच असतो. ऑटोमेक न वापरणाऱ्या प्रत्येक पॅकेजमध्ये आमचेच सामाईक ऑप्शन अनोळखी ठरायचे आणि वॉर्निंग यायची. पन्नास ठिकाणी रोज येणारी वॉर्निंग कोणी वाचत नाही, म्हणून मी ती बंद केली. त्याच ओळीत कधीतरी एखादं खरं नावही येऊ शकतं, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

तपासात दोन प्रकारचे ऑप्शन वेगळे दिसू लागले, आणि पुढचं सगळं या फरकावर उभं राहिलं. हेल्परचे ऑप्शन म्हणजे ‘जमलं तर कर’ अशी विनंती. पॅकेजच्या स्क्रिप्टमधले ऑप्शन म्हणजे कोणीतरी विचार करून घेतलेला निर्णय: जेपेग हवं, अमुक प्रोटोकॉल नको. विनंती अनोळखी निघाली तर बिघडत नाही. निर्णय अनोळखी निघाला, तर तो घेतला गेलेलाच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि बिल्डनं तिथेच थांबायला हवं. आम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरून कॉन्फिगरच्या हाती देत होतो.

कोणते पर्याय होते

सगळ्यांत सोपा पर्याय म्हणजे जीडी दुरुस्त झालं आहे, तिथे थांबणं. टीममध्ये या बाजूनं बोलणारा एक जण होता आणि त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. दीडशे पॅकेजं, चार माणसं, आणि इतक्या वर्षांत असा प्रकार एकदाच उघडकीला आलेला. मात्र ‘एकदाच घडला’ आणि ‘एकदाच उघडकीला आला’ यांत फरक आहे. वॉर्निंग बंद असताना आणखी किती ठिकाणी हेच झालं असेल, हे आमच्यापैकी कोणीच सांगू शकत नव्हतं. माझ्या मते तिथेच हा पर्याय बाद झाला.

वॉर्निंग परत चालू करायची आणि रिव्ह्यू करताना लॉग वाचायचा, हा दुसरा पर्याय. म्हणजे जिथून निघालो होतो तिथेच परत जायचं. पुन्हा गोंगाट वाढणार आणि कोणीतरी पुन्हा ती बंद करणार.

तिसरा, सरसकट फेटल, म्हणजे अनोळखी ऑप्शन दिसला की बिल्ड थांबवणं. हा आम्ही एका दुपारी करून पाहिला. ऑटोकॉन्फच्या पॅकेजांपैकी निम्म्याहून जास्त पडली, आणि बहुतेक आमच्याच सामाईक ऑप्शनमुळे. एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर वेगळ्याच कारणानं पडलं. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट हातानं लिहिलेली आहे, ऑटोकॉन्फची नाही, आणि अनोळखी ऑप्शन दिसला की ती आधीपासूनच थांबते. तिला --एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल हाच ऑप्शन अनोळखी होता. जे आपल्या परीनं कडक होतं त्याला आम्ही कडकपणा शिकवायला गेलो आणि तेच पाडून बसलो. शिवाय काही सोर्सच्या पोटात दुसरी पॅकेजं असतात, ज्यांना वरच्या कॉन्फिगरकडून खाली ऑप्शन जातात. तिथे वरच्याला अनोळखी असलेला ऑप्शन खालच्यासाठी असू शकतो. याच कारणानं ऑटोकॉन्फ अशा पॅकेजांत ही तपासणी मुळातच बंद ठेवतं.

चौथा पर्याय जेंटू या लिनक्स-वितरणाकडे पाहून सुचला. जेंटूचं कॉन्फिगर चालवणारं ईकॉन्फ सामाईक ऑप्शन देण्याआधी कॉन्फिगरची हेल्प वाचतं आणि तिथे नाव असेल तरच तो ऑप्शन देतं. उरलेल्यांपैकी काही अनोळखी निघाले तर पोर्टेज हे जेंटूचं पॅकेज-साधन पॅकेज करणाऱ्याला गुणवत्तेची सूचना दाखवतं. म्हणजे विनंत्या आधी विचारून करायच्या, आणि मग उरलेल्या निर्णयांसाठी कडक राहायचं. आमच्या दोन प्रकारांना हे चपखल बसत होतं.

पाचवा मुद्दा त्याच नव्या सहकारीनं मांडला. बैठकीत ती म्हणाली, “नाव ओळखीचं आहे एवढ्यावर काय ठरतं? जेपेगची लायब्ररीच नसती आणि कॉन्फिगर ‘नाही मिळाली’ म्हणून गुपचूप पुढे गेलं असतं तर? मागितलं काय ते तपासण्यापेक्षा मिळालं काय ते तपासू या.” तिचं म्हणणं बरोबर होतं. लायब्ररी सापडली तर घे, नाहीतर सोड, असा बेभरवशाचा व्यवहार अनेक प्रकल्पांत चालतो. लिनक्स कर्नलमध्ये कॉन्फिगचे तुकडे जोडणारी मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्ट हेच पाहते: मागितलेलं मूल्य शेवटच्या कॉन्फिगमध्ये उतरलं नसेल तर ती तसं सांगते.

काय केलं

चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र घ्यायचं ठरलं. वाद झाला तो किती वेगानं घ्यायचे यावर. मला दुसऱ्याच दिवशी बिल्ड थांबवायला हवं होतं. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “आधी नुसतं मोजू या. उद्या एखादं सुरक्षेचं अपडेट तातडीनं पाठवायची वेळ आली आणि आपल्याच तपासणीनं ते अडवलं, तर लोक ही तपासणी कायमची काढून टाकतील.” त्यांचं ऐकलं, ते बरं झालं.

हेल्परमध्ये ऑप्शनच्या दोन याद्या केल्या. सामाईक यादीतला प्रत्येक ऑप्शन आधी कॉन्फिगरच्या हेल्पमध्ये शोधायचा. शोधताना एक अडचण आली. हेल्पमध्ये --एनेबल-अमुक लिहिलेलं असतं आणि आपण --डिसेबल-अमुक देत असतो, म्हणून आधीचा शब्द वगळून फक्त नावावर जुळवावं लागलं. पोटात पॅकेजं असलेल्या सोर्ससाठी --हेल्प=रिकर्सिव्ह वापरलं, त्यात आतल्या पॅकेजांचे ऑप्शनही दिसतात. पॅकेजची स्वतःची यादी जशीच्या तशी जायची आणि तिच्यासाठी तपासणी चालू. लायब्ररींच्या मार्गांची सामाईक फाइल मोडून त्या ओळी ज्या त्या पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये नेल्या. तीच ओळ चार ठिकाणी लिहावी लागली तरी चालेल, पण निर्णय ज्याचा त्याच्या घरी दिसला पाहिजे, असं ठरलं.

पहिले काही आठवडे फक्त अहवाल, बिल्ड थांबवायचं नाही. अहवालात जे निघालं ते तीन प्रकारचं होतं.

बहुतेक ओळी मेलेल्या होत्या. कधीकाळी असलेला ऑप्शन, प्रकल्पानं तो काढून टाकलेला, आमच्याकडे तसाच राहिलेला. त्या पुसल्या. निरुपद्रवी होत्या हे खरं, तरी ती स्क्रिप्ट वाचणाऱ्याला ‘हे बंद केलेलं आहे’ असा खोटा दिलासा देत होत्या.

काही ठिकाणी नाव बदललेलं होतं आणि सुविधा खरोखर गेली होती, जीडीसारखीच. ती कोणी वापरत नव्हतं म्हणून तक्रार आली नाही, इतकंच.

तिसऱ्या प्रकारानं मात्र आम्ही हादरलो. एका सर्व्हरच्या पॅकेजमध्ये बाहेरून प्लगइन लोड करण्याची सोय सुरक्षेसाठी काढून टाकायची असा निर्णय पूर्वी झालेला होता. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी --विदाउट-प्लगइन्स लिहिलं होतं. प्रकल्पाचा खरा ऑप्शन होता --डिसेबल-प्लगइन्स. ऑटोकॉन्फच्या जगात ‘विथ’ बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी आणि ‘एनेबल’ प्रकल्पाच्या स्वतःच्या सुविधेसाठी, असा संकेत आहे. माणूस त्यात सहज गफलत करतो. इथे आवृत्ती बदलली नव्हती, नाव बदललं नव्हतं. ओळ पहिल्या दिवसापासून चुकीची होती. रिव्ह्यूमध्ये दोघांनी ती वाचली होती, कागदोपत्री सुविधा बंद होती, आणि प्रत्येक सर्व्हरवर ती चालू होती. जीडी बिघडलं तेव्हा निदान चौकोन तरी दिसले. जी गोष्ट नको म्हणून सांगितली ती गुपचूप राहिली तर कोणाला काहीच दिसत नाही, कारण सगळं चालतच असतं. हे सापडल्यावर ‘जीडी दुरुस्त झालं, पुरे’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यानं स्वतःहून तपासणीचं पुढचं काम अंगावर घेतलं.

सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनाचं गणित वेगळं निघालं. दिलेलं व्हेरिएबल प्रकल्पानं वाचलंच नाही, तर सीमेक शेवटी ‘हातानं दिलेली ही व्हेरिएबल्स प्रकल्पानं वापरली नाहीत’ अशा अर्थाची वॉर्निंग आणि खाली नावांची यादी देतं. आम्ही हेल्परला ती यादी आउटपुटमधून उचलायला लावलं. इथे खोटे गजर खूप आले. सीमेक_इन्स्टॉल_लिबडिर सारखं व्हेरिएबल प्रत्येक प्रकल्प वाचतोच असं नाही. एखादं व्हेरिएबल फक्त ठरावीक अटीत वाचलं जात असेल, तर अट लागू नसताना तेही यादीत येतं. आणि उलट बाजूनं, जुनं नाव कोपऱ्यात कुठेतरी नुसतं वाचलं गेलं तर ते यादीत येतच नाही, मग त्याचा परिणाम शून्य का असेना. मेसन या आणखी एका बिल्ड-साधनाच्या पॅकेजांचं काम फार सोपं झालं. अनोळखी ऑप्शन दिसला की मेसन स्वतःच थांबतं, आणि त्याच्या फीचर प्रकारच्या ऑप्शनला ‘एनेबल्ड’, ‘डिसेबल्ड’, ‘ऑटो’ अशी तीन स्पष्ट मूल्यं असतात. ‘एनेबल्ड’ म्हटलं आणि लायब्ररी नसली तर बिल्ड तिथेच पडतं. आम्ही ‘ऑटो’ ला आमच्या स्क्रिप्टमध्ये बंदी घातली.

मिळालं काय ते तपासण्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या पॅकेजला एक छोटी सुविधा-यादी जोडली. बिल्ड झालेलं पॅकेज रिकाम्या कंटेनरमध्ये बसवायचं आणि त्यालाच विचारायचं. जीडीसाठी जीडी_इन्फो, कर्ल या नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या साधनासाठी त्याच्या आवृत्तीच्या आउटपुटमधली प्रोटोकॉलची ओळ. जे हवं ते असलं पाहिजे आणि जे नको ते नसलं पाहिजे, दोन्ही लिहायचं. दीडशे पॅकेजांना ही यादी लिहिणं झेपणारं नव्हतं, म्हणून ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये स्वतःचा एकतरी ऑप्शन आहे आणि जी प्रॉडक्शनवर चालतात, तेवढीच घेतली.

मग फेटल चालू केलं. सवलतीची एक फाइल ठेवली: पॅकेज, ऑप्शन, कारण. पहिल्या महिन्यात ती झपाट्यानं फुगली, कारण बिल्ड पडलं की ओळ टाकणं हा सोपा रस्ता होता. कारणाच्या जागी ‘तात्पुरतं’ असं लिहिलेलं दिसू लागलं. तेव्हा नियम बदलला: सवलत पॅकेजच्या आवृत्तीला बांधलेली राहील. आवृत्ती वाढली की सवलत आपोआप संपेल आणि कारण नव्यानं द्यावं लागेल. ऑप्शनची नावं बदलतात तीही आवृत्ती बदलतानाच, त्यामुळे तपासणी नेमकी हवी तेव्हा जागी होते.

निष्पत्ती

त्यानंतरच्या अपग्रेडमध्ये बिल्ड कितीतरी वेळा पडलं, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती काही मिनिटांची निघाली: हेल्प उघडायची, नवं नाव शोधायचं, ओळ बदलायची. काही प्रकल्प हल्ली स्वतःहून कडक होत आहेत, त्यानंही मदत झाली. कर्लनं २०२१ मध्ये ७.७७.० पासून टीएलएससाठी (सुरक्षित जोडणीचा प्रोटोकॉल) कोणती लायब्ररी वापरायची ते न सांगितल्यास कॉन्फिगर थांबवायला सुरुवात केली: निवड करा, किंवा टीएलएस नको असं स्पष्ट सांगा. पॅकेज करणाऱ्याला क्षणभर वैताग येतो. तरीही टीएलएस नसलेलं कर्ल चुकून प्रॉडक्शनवर जाण्यापेक्षा तो वैताग परवडला.

दोन घटना नोंदवण्यासारख्या आहेत. एका पॅकेजमध्ये ऑप्शन ओळखीचा होता, नाव अचूक होतं, तरी बिल्डच्या मशीनवर हेडर फायलींचं पॅकेज नव्हतं म्हणून कॉन्फिगरनं सुविधा मुकाट्यानं वगळली. नावाच्या तपासणीला ते दिसलं नाही, सुविधा-यादीनं पकडलं.

दुसरी घटना दोन्ही जाळ्यांतून निसटली. एका प्रकल्पानं एक डिफॉल्ट बदलला: जी सुविधा आधी बंद असायची ती नव्या आवृत्तीत चालू. आम्ही त्यासाठी कधी ऑप्शन दिलाच नव्हता, म्हणून तपासायला काही नव्हतं. आमच्या सुविधा-यादीतही ती नव्हती, कारण ती अस्तित्वात आहे हेच आमच्या लक्षात नव्हतं. रिलीजनंतर एकानं चुकून पाहिलं. नुकसान झालं नाही. तेव्हापासून आवृत्ती वाढवताना जुन्या आणि नव्या कॉन्फिगर हेल्पमधला फरक रिव्ह्यूला जोडतो. बऱ्याचदा तो फरक दहा-बारा ओळींचाच असतो आणि वाचायला दोन मिनिटं लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

हेल्पचा फरक पाहण्याची ही सवय सर्वांत स्वस्त होती आणि ती सर्वांत शेवटी आली. पीएचपी ७.३ आणि ७.४ च्या जीडीची हेल्प शेजारी ठेवली असती तर गेलेली आणि आलेली नावं समोरासमोर दिसली असती. आज कोणी अशा कामाला सुरुवात करत असेल, तर मी त्यांना फेटलच्याही आधी हेच करायला सांगेन.

पहिल्या दुरुस्तीच्या वेळी तासभर थांबायला हवं होतं. लोकांचे फोटो दिसत नसताना हे म्हणणं सोपं नाही, ते मला कळतं. पण पॅकेज पाठवल्यानंतर, त्याच संध्याकाळी, बदललेल्या बाकीच्या नावांची यादी काढता आली असती. आम्ही ती काढली नाही, कारण तक्रार बंद झाली होती.

गोंगाट कमी करायची माझी ती कमिट रिव्ह्यूमधून सहज पार झाली होती. आता कोणतीही वॉर्निंग बंद करणारा बदल असेल तर रिव्ह्यू करणारा विचारतो, ‘ही वॉर्निंग कोणत्या खऱ्या चुकीला दाखवते, आणि ती चूक आता कशानं दिसेल?’ उत्तर नसेल तर बदल जात नाही. त्या वेळी सामाईक ऑप्शन हेल्पमध्ये पाहून देणं हे तिसेक ओळींचं काम होतं. एक ओळ लिहून भागलं म्हणून मी ते केलं नाही.

अहवालाचे आठवडे मात्र पुन्हा तसेच ठेवीन. त्या काळात दोन सुरक्षा-अपडेट तातडीनं पाठवावी लागली होती. तपासणी तेव्हा बिल्ड अडवत असती, तर ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं तेच घडलं असतं.

एका प्रश्नावर टीममध्ये अजून एकमत नाही. सीमेकच्या पॅकेजांत खोटे गजर इतके आहेत की सवलत-फायलीतल्या बहुतेक ओळी त्यांच्याच आहेत. माझं म्हणणं, तिथे नावाची तपासणी सोडून द्यावी आणि सगळी ताकद सुविधा-यादीवर लावावी. ज्या सहकारीनं सुविधा-यादीची कल्पना मांडली तिचाच याला विरोध आहे. ती म्हणते, सुविधा-यादी आपल्याला आठवेल तेवढीच असते, आणि --विदाउट-प्लगइन्स आपल्यापैकी कोणालाही आठवलं नव्हतं. सध्या तिचं म्हणणं मान्य केलं आहे. प्रत्येक आवृत्तीला त्या ओळींची कारणं आम्ही नव्यानं लिहितो.